धागा : डोंगराच्या पोटातून वर खणत जाणे – एकोणिसाव्या शतकातील अँथ्रासाइटच्या खाणी

अभ्रक

खाण म्हटले की खोल उतरत जाणारी विहीर डोळ्यांपुढे येते. माझीही समजूत तशीच होती. मागच्या महिन्यात अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ॲशलँड या गावी गेलो असता ती मोडली. तेथील ‘पायोनियर टनेल’ ही जुनी खाण आता पाहुण्यांना दाखवली जाते. उघड्या डब्यांच्या छोट्या गाडीत बसायचे आणि सपाट रुळांवरून सुमारे १,८०० फूट सरळ माहानॉय डोंगराच्या पोटात जायचे. बाहेर कितीही ऊन असले तरी आत बारा महिने ११ अंश सेल्सियसच्या आसपास गारवा असतो, त्यामुळे अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून आलेली मंडळी पहिल्या पाच मिनिटांतच हात चोळू लागली. गाडीतून उतरल्यावर वाटाड्याने आपला दिवा एका भगदाडाकडे रोखला आणि आम्ही सर्वांनी माना वर केल्या. येथील कामगार खाली खणत नव्हते, ते वर खणत होते.

घरी परतल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले. येथे भूशास्त्राचे आणि खाणकामाचे काही जाणकार आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. चुकले असेल तेथे जरूर दुरुस्त करावे.

अँथ्रासाइट हा सर्वांत कठीण, सर्वाधिक कार्बन असलेला आणि जवळजवळ धूर न करणारा दगडी कोळसा होय. ॲपलेशियन पर्वतरांग उभी राहताना भूस्तरांना घड्या पडल्या आणि त्या दाबात व उष्णतेत साध्या कोळशातील वायुरूप द्रव्ये निघून जाऊन हा कोळसा मागे उरला. म्हणजे ज्या उलथापालथीने तो इतका शुद्ध केला, तिनेच त्याचे थर वाकवून, तिरपे करून, काही ठिकाणी तर अगदी उभे करून ठेवले. पेन्सिल्व्हेनियातील सारी अँथ्रासाइट क्षेत्रे मिळून पाचशे चौरस मैलसुद्धा भरत नाहीत, तरीही दक्षिणेकडील पॉट्सव्हिल व मॉक चंकच्या परिसरात थरांचा कल घराच्या छपरापेक्षाही उभा आढळतो. ‘मॅमथ’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या थराची जाडी काही ठिकाणी पन्नास फुटांहून अधिक होती.

आरंभी तर भुयारे खणण्याची गरजच नव्हती. मॉक चंकजवळच्या समिट हिल येथे कोळसा जमिनीलगत इतका जाड होता की १८२० च्या दशकात वरची माती बाजूला सारून तो उघड्यावरच फोडून नेत असत. कोळसा फोडणे सोपे होते, तो नदीवरच्या कालव्यापर्यंत पोहोचवणे अवघड होते. १८२७ साली त्यासाठी नऊ मैलांचा रूळमार्ग बांधला गेला. भरलेले डबे आपल्याच वजनाने उतारावरून घरंगळत येत, आणि त्यांच्याबरोबरच काही डब्यांतून खेचरेही खाली येत, कारण रिकामे डबे परत डोंगरावर ओढून नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. या खेचरांना गाडीची इतकी सवय लागली की ती उतारावरून पायी चालायला तयार होत नसत, असे सांगतात. मला या साऱ्या खाणकामाचे सूत्र त्या रूळमार्गातच सापडले. या डोंगरांत मालकाचा सर्वांत स्वस्त मजूर होता तो गुरुत्वाकर्षण, आणि खाणीची आखणी त्याला जास्तीत जास्त राबवून घेण्यासाठीच केली जात असे.

उघड्यावरचा कोळसा संपत गेला तसे लोक डोंगरात शिरले. ओढ्याच्या काठाशी थराचे तोंड दिसले की तेथूनच थराच्या लांबीच्या दिशेने आडवे भुयार मारीत. त्याला ‘गँगवे’ म्हणत. त्याला आतल्या बाजूला किंचित चढ ठेवलेला असे, म्हणजे पाझराचे पाणी आपोआप बाहेर येई आणि भरलेले डबेही ओढायला हलके जात. गँगवेच्या वरच्या बाजूस, ठरावीक अंतरावर, थराच्या चढाने वर वर जाणाऱ्या खोल्या काढीत. या खोलीला ‘ब्रेस्ट’ असे नाव होते. तिची रुंदी आठ ते दहा यार्ड असे आणि ती थराच्या चढाने शंभर यार्डांपर्यंतही वर जाई. दोन ब्रेस्टच्या मध्ये छत तोलून धरण्यासाठी कोळशाचाच एक जाड पट्टा न फोडता सोडला जाई. तो खांब, तेथील भाषेत ‘पिलर’.

आता या खोलीची खरी गंमत. गँगवेपासून ब्रेस्टपर्यंत आधी एक अरुंद घसरगुंडी काढीत आणि तिच्या माथ्यावर जाड ओंडक्यांची एक भक्कम आडवण ठोकीत. या आडवणीला ‘बॅटरी’ म्हणत. वर फोडलेला कोळसा बॅटरीवर साचून राही. ज्यांनी धान्याची कणगी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. वरून भरायचे आणि तळाचे तोंड उघडून हवे तेवढे काढायचे. मात्र या कणगीत वरून भरणारा माणूस धान्यावरच उभा असे. घट्ट कोळसा फोडला की फुगतो आणि जास्त जागा व्यापतो. जेवढा फुगेल तेवढाच खाली डब्यांत सोडायचा आणि उरलेल्या ढिगावर उभे राहून वरचा पुढचा कोळसा फोडायचा, असा तो क्रम होता. परातीची गरज नाही, शिडीची नाही, फावड्याचीही फारशी नाही. ब्रेस्ट माथ्याला पोहोचली की मग सगळी कणगी रिकामी करीत. कामगाराला वर जाण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी खोलीच्या दोन्ही कडांना फळ्या ठोकून एक चिंचोळी वाट राखलेली असे. मी त्या वाटेच्या तोंडाशी उभा राहून पाहिले. मला तेथे आडवे व्हावे लागले असते, आणि तेथून तो माणूस सुरुंगाची दारू, पहार, कुऱ्हाड आणि टेकूची लाकडे घेऊन रोज वर चढत असे.

पारिजातक

उत्तम धागा. ‘वर खणणे’ हे चित्र प्रथमच डोळ्यांपुढे आले. एक शंका आहे. हा कोळसा इतका चांगला होता तर अठराव्या शतकातच त्याचा वापर सर्रास का सुरू झाला नाही? आणि तो इतका कठीण असेल तर फोडत कसे होते? साध्या कोळशाला खालून खाच पाडून वरचा भाग पाडतात, असे कोठेतरी वाचल्याचे आठवते.

अभ्रक

पारिजातक, दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, तो म्हणजे त्याचा कठीणपणा. अँथ्रासाइट सहज पेटत नाही. त्याला खालून हवा लागते, आणि एकदा पेटला की चाळवायचा नसतो. लाकडाची सवय असलेली माणसे तो सतत ढोसत, आणि तो विझे. विल्क्स-बॅरीच्या जेसी फेल यांनी ११ फेब्रुवारी १८०८ रोजी लोखंडी जाळीवर तो उघड्या शेगडीत पेटवून दाखवला, ही घटना त्या भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. फिलाडेल्फियाजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्याची कथाही अशीच आहे. रात्रभर खटपट करून वैतागलेल्या कामगारांनी भट्टीचे दार लावून घेतले आणि ते निघून गेले. परत येऊन पाहतात तो भट्टी लालभडक झालेली. कथा थोडी रंगवलेली असेल, तरी तिचे मर्म खरे आहे. नोंदींत १८२० साली लीहाय नदीवरून फिलाडेल्फियाला गेलेला कोळसा अवघा ३६५ टन दिसतो, आणि त्यानंतर दोनच दशकांत, १८४० मध्ये, डेव्हिड टॉमस या वेल्श तज्ज्ञाने कॅटासॉकवा येथे गरम हवेचा झोत देऊन अँथ्रासाइटवर लोखंड गाळायला सुरुवात केली. तेथून मागणीला मर्यादा उरली नाही.

फोडण्याविषयी आपले म्हणणे बरोबर आहे, पण ते मऊ कोळशाला लागू पडते. अँथ्रासाइटमध्ये खालून खाच पाडत बसणे परवडत नसे, म्हणून थेट सुरुंग लावीत. एक माणूस छिन्नीसारख्या टोकाच्या लांब पहारीने, पुढे पुढे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, कोळशात चार-सहा फुटांचे छिद्र पाडी. मग तो गुडघ्यावर बसून एका लाकडी दांड्याभोवती कागद गुंडाळी, त्याची कडा साबणाने चिकटवी, दांडा काढून घेई आणि त्या नळकांड्यात काळी दारू ओती. सगळे हे डोक्यावरच्या टोपीला अडकवलेल्या उघड्या तेलाच्या दिव्याच्या उजेडात. नळकांडे छिद्राच्या तळाशी सरकवून त्यात एक बारीक लांब सुई खोवून ठेवायची आणि तिच्याभोवती कोळशाची भुकटी किंवा चिकणमाती ठासायची. ठासून झाल्यावर सुई हलकेच ओढून काढली की मागे पेन्सिलीएवढी वाट उरते. तिच्या तोंडाशी ‘स्क्विब’ ठेवायचा. कागदाची दारू भरलेली बारीक नळी आणि तिला सावकाश जळणारे गंधकाचे शेपूट, असा हा स्क्विब. शेपूट पेटवले की ओरडून इशारा देत आडोशाला पळायचे. शेपूट जळून संपले की नळी बाणासारखी त्या वाटेने आत सुटते आणि दारूला भिडते.

दारूचे पिंप उघडताना वाकलेल्या माणसाच्या टोपीवरच्या दिव्यातून ठिणगी पडली, तर काय होई ते वेगळे सांगायला नको.

वणीकर

नमस्कार. मी वणी-चंद्रपूर भागातील कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचा देखरेख अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. आमच्या वर्धा खोऱ्यातील कोळसा अँथ्रासाइट नव्हे आणि थरही असे उभे नाहीत, तरीही अभ्रक यांचे वर्णन वाचताना अनेक गोष्टी ओळखीच्या वाटल्या. आम्ही जिला ‘बोर्ड अँड पिलर’ म्हणतो, ती याच घराण्यातली पद्धत आहे. खोल्या काढायच्या, खांब सोडायचे.

मात्र एक महत्त्वाची गोष्ट धाग्यात यायची राहिली आहे. खांब सोडले म्हणजे मालकाचा कोळसा आत अडकला. तो सोडून देण्याची कोणाचीही तयारी नसते. म्हणून खाणीच्या त्या भागातील खोल्या पूर्ण झाल्या की आतल्या टोकापासून बाहेरच्या दिशेने येत खांबही काढून घेतात. आमच्याकडे याला ‘डिपिलरिंग’ म्हणतात. त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते, छताला किती टेकू, किती अंतरावर, हे कागदावर ठरलेले असते आणि मोकळ्या झालेल्या भागात, म्हणजे ‘गोफ’मध्ये, छत मुद्दाम पडू दिले जाते. पेन्सिल्व्हेनियात याच कामाला ‘रॉबिंग’, म्हणजे खांबांवर दरोडा घालणे, असे म्हणत, हे मी आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात वाचले होते. नाव मोठे प्रामाणिक आहे.

हे काम करणाऱ्या माणसाचे कान तयार असावे लागतात. छत बसण्याआधी बोलते. आधी लाकडी टेकू कुरकुरतात, त्यांची साल सुटते, मग तडतड असा आवाज येतो आणि बारीक खडी गळू लागते. आमचा एक टिंबर मिस्त्री होता. तो टेकूवर हातोडीच्या दांड्याने टिचकी मारायचा आणि आवाजावरून सांगायचा, ‘साहेब, हा अजून बसला आहे, हा मात्र दुखतो आहे.’ लोखंडी टेकू आल्यावर पुष्कळांना त्यांचा भरवसा वाटेना, त्याचे कारण हेच. लाकूड मोडण्याआधी सांगते, लोखंड सांगत नाही, असे जुने लोक म्हणत. उंदीर पळू लागले की माणसांनीही निघावे, ही गोष्ट तेथेही सांगत आणि आमच्याकडेही.

दुसरे असे की वायूची तपासणी कोण करी? आमच्याकडे प्रत्येक पाळीआधी मायनिंग सिरदार सेफ्टी लॅम्प घेऊन सगळी ठिकाणे फिरतो आणि नोंद करतो. त्याखेरीज कोणी आत पाऊल टाकत नाही.

अभ्रक

वणीकर काका, आपण लिहिल्यामुळे धाग्याला वजन आले. खांबांबद्दलचा आपला मुद्दा मी पुढे न्यायला हवा होता. छत बसण्याच्या या प्रकाराला तेथे ‘स्क्वीझ’ म्हणत. एका खांबावरचा भार शेजारच्यावर जातो, तो चेपतो, मग त्याच्या शेजारचा, असे ते पसरत जाते. पिट्सटनच्या ट्विन शाफ्ट खाणीत २८ जून १८९६ रोजी अशाच प्रकारे छत बसले आणि ५८ माणसे गाडली गेली. ते लोक त्या रात्री कोळसा काढायला गेलेच नव्हते. छत बोलू लागले म्हणून त्याला टेकू द्यायला ते आत उतरले होते.

वायूची तपासणी करणाऱ्याला तेथे ‘फायर बॉस’ म्हणत. तो पहाटे, इतरांच्या आधी, डेव्हीचा जाळीचा दिवा घेऊन प्रत्येक ब्रेस्टमध्ये जाई. दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढली की तेथे ज्वालाग्राही वायू आहे, हे त्याने ओळखायचे, आणि जागा ठीक असल्यास खडूने त्या दिवसाची तारीख लिहायची. खडूची तारीख दिसली की माणूस आत जाई. आपल्या सिरदाराचाच तो पूर्वज म्हणायचा.

हिशेबनीस

तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे, परंतु या खाणीत पैसे कसे मोजत ते सांगितल्याशिवाय पद्धत पुरी समजणार नाही, असे मला वाटते. खाणकामगार हा नोकर नव्हता, तो उक्त्याने काम करणारा होता. एक ब्रेस्ट त्याला दिलेली असे, आणि तिच्यातून निघालेल्या डब्यांवर त्याचे पैसे ठरत. त्याच्या हाताखाली एक मजूर असे, त्याला तो आपल्या कमाईतून देई. सुरुंग लावणे, टेकू देणे, छत पारखणे ही कामे खाणकामगाराची, आणि भरणे, ढकलणे, दगड बाजूला काढणे ही मजुराची. दिवसाला ठरलेले डबे भरतील एवढा कोळसा पाडून झाला की खाणकामगार दुपारीच घरी निघून जाई आणि मजूर मागे राहून डबे भरीत बसे. यावरून बाहेरच्या लोकांना वाटे की या माणसांची मोठी चैन आहे.

चैनीचा हिशेब असा. सुरुंगाची दारू, तेल, स्क्विब यांचा खर्च त्याच्याच माथी. दारू कंपनीकडूनच घ्यायची. पंचवीस पौंडांच्या पिंपाला २.७५ डॉलर आकारले जात, आणि १९०० च्या खाणकामगारांच्या संपानंतर ती किंमत १.५० डॉलरवर आली, यावरून आधीचा नफा किती होता याचा अंदाज यावा. डबा काठोकाठ भरून चालत नसे, त्यावर शीगही हवी असे. त्यातूनही वर डबा तपासणारा माणूस ‘यात दगड फार आहे’ असे म्हणून अख्ख्या डब्याचे किंवा अर्ध्याचे पैसे कापू शके. टनाचे वजनही कंपनीच ठरवी. साध्या मोठ्या टनाला २,२४० पौंड धरतात, पण खाणकामगाराचा टन त्याहून पुष्कळ जड असे, कारण दगड व भुकटी वजा जाणार असे कारण पुढे केले जाई.

टेकू द्यायला वेळ लागतो आणि त्या वेळात एकही डबा भरत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. टेकूचे पैसे नाहीत आणि डब्याचे आहेत, अशा हिशेबात माणूस ‘अजून एक सुरुंग उडवू, मग टेकू देऊ’ असे म्हणतो. मोठे स्फोट आणि आगी वर्तमानपत्रांत येत, पण या खाणींतील बहुतेक मृत्यू छताचा एखादा तुकडा पडून, एकेकट्याचे झाले. १८७० पासूनच्या सरकारी नोंदींतील अँथ्रासाइट खाणींतील मृत्यूंची एकूण बेरीज तीस हजारांच्या वर जाते.

वणीकर

हिशेबनीस यांनी नेमके बोट ठेवले. आमच्या तरुणपणी जुने भरणी कामगारही डब्यावर पैसे घेत. टेकूसाठी वेगळा माणूस नेमला की टेकू लागतात, हे अनुभवाचे बोल आहेत.

पारिजातक

खाणीत आणि बाहेर लहान मुलेही कामाला असत, असे मी वाचले होते. त्याविषयी कोणी लिहील का?

अभ्रक

पारिजातक ताई, तो भाग मी जाणूनबुजून टाळत होतो, कारण एकदा लिहायला घेतले की बाकीचे मागे पडते. पण तो पद्धतीचाच भाग असल्यामुळे टाळता येणार नाही.

कोळसा बाहेर आला की तो थेट विकता येत नसे. वेगवेगळ्या शेगड्यांना वेगवेगळ्या आकाराचे तुकडे लागत. आधी माणसे भोके असलेल्या लोखंडी पत्र्यावर तो हातोड्यांनी फोडीत. जोसेफ बॅटिन यांनी दातेरी लोखंडी रोलरांमधून कोळसा चिरडणारे यंत्र काढले आणि १८४४ साली माइनर्सव्हिलजवळ ते उभारले गेले. तेव्हापासून ‘ब्रेकर’ ही इमारत या भागाची खूण बनली. काळवंडलेली, वेडीवाकडी, शंभर फुटांहून उंच अशी लाकडी इमारत. येथेही मजूर तोच, गुरुत्वाकर्षण. डबा माथ्यावर न्यायचा, उपडा करायचा आणि कोळसा रोलरांतून, फिरत्या चाळण्यांतून, घसरगुंड्यांवरून खाली येऊ द्यायचा. तळाशी येईपर्यंत त्याचे आकारवार भाग पडलेले असत. त्या आकारांची नावे ऐकताना भुसारी दुकानात गेल्यासारखे वाटते : अंडे, चेस्टनट, वाटाणा, बकव्हीट, तांदूळ.

फक्त एक काम यंत्राला जमत नव्हते. कोळशासारखाच काळा दिसणारा पाटीचा दगड त्यातून वेचून काढणे. ते काम आठ-दहा वर्षांच्या मुलांकडे होते. घसरगुंडीवर आडव्या टाकलेल्या फळीवर मुलगा बसे, पाय कोळशाच्या वाहत्या धारेत रोवून तिचा वेग आवरी आणि वाकून दगड वेचून बाजूला टाकी. आपल्याकडे आजी सुपात तांदूळ निवडताना खडा वेचते, तेच, पण दिवसाला दहा तास आणि धुळीमुळे शेजारचा मुलगा दिसत नाही अशा जागी. हातमोजे घालू देत नसत, कारण दगडाचा गुळगुळीतपणा बोटांना कळावा लागतो. नव्या मुलाची बोटे पहिल्या काही आठवड्यांत सुजून, तडकून लाल होत. त्याला ‘रेड टिप्स’ असे नावच पडले होते. १८८५ च्या कायद्याने ब्रेकरसाठी बारा आणि खाणीच्या आतल्या कामासाठी चौदा वर्षांची किमान मर्यादा घातली, पण वयाचा दाखला म्हणजे बापाचा शब्द, आणि बापाला त्या मुलाच्या पगाराची गरज असे.

ब्रेकरमधून मुलगा आत जाई तो दारवान म्हणून. हवा योग्य दिशेने वळावी म्हणून गँगवेत लाकडी दारे असत. खेचर आले की दार उघडायचे, गेले की लावायचे, मधला सगळा वेळ अंधारात बसायचे. पुढे तो ‘स्प्रॅगर’ होई, म्हणजे धावत्या डब्याच्या चाकात लाकडी खुंटी अडकवून त्याला थांबवणारा. मग खेचरांचा हाक्या, मग मजूर, आणि शेवटी खाणकामगार. १८८९ च्या कायद्यानंतर त्या शेवटच्या पायरीसाठी दाखला लागू लागला.

तर्कट

सर्वांचे लेखन वाचनीय आहे. एका बाबतीत मात्र मतभेद नोंदवतो. अभ्रक यांनी ‘गुरुत्वाकर्षण हा सर्वांत स्वस्त मजूर’ हे सूत्र सगळ्या अँथ्रासाइट प्रदेशाला लावले आहे. ते दक्षिणेला शोभते. उत्तरेला, स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरीच्या खोऱ्यात, थर बव्हंशी सपाट होते. तेथे डब्यासाठी रूळ थेट खोलीत न्यावे लागत, खेचराने डबा आणून द्यायचा आणि मजुराने कोळसा फावड्याने उचलून भरायचा. शिवाय तेथे डोंगराच्या कुशीतून शिरणे शक्य नव्हते, थर दरीच्या तळाखाली गाडलेला होता. म्हणून तेथे उभ्या विहिरी खोदल्या, माणसे व डबे वर-खाली नेणारा पाळणा वाफेच्या यंत्राने ओढला, आणि पाणी व हवा दोन्हींसाठी यंत्रे बसवावी लागली. उत्पादन उत्तरेकडे प्रचंड होते. म्हणजे सूत्र अर्धेच खरे आहे.

अभ्रक

तर्कट, मान्य. मी डोळ्यांनी दक्षिणेकडची खाण पाहिली आणि त्या एकाच चित्रावरून सगळ्यांबद्दल बोललो. उभ्या विहिरींचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा आहे, कारण उत्तरेतील सर्वांत मोठी दुर्घटना अशा एका विहिरीमुळेच घडली.

प्लिमथजवळच्या ॲव्हनडेल खाणीला एकच विहीर होती. तीतून माणसे उतरत, तीतूनच कोळसा वर येई, आणि लाकडी आडपडदा घालून तिचेच दोन भाग करून हवाही तीतूनच खेळवली जाई. तळाशी भट्टी पेटवलेली असे. तापलेली हवा एका भागातून वर चढे आणि तिच्या जागी ताजी हवा दुसऱ्या भागातून खाली येई. हाच त्या काळचा पंखा. विहिरीच्या तोंडावर थेट लाकडी ब्रेकर बांधलेला होता, कारण कोळसा आडवा वाहून न्यायचा खर्च वाचतो. ६ सप्टेंबर १८६९ रोजी विहिरीतील लाकडाने पेट घेतला, आग वर चढली, ब्रेकर पेटला आणि जळती इमारत विहिरीत कोसळली. बाहेर येण्याची एकमेव वाट बंद झाली. त्यांना शोधायला उतरलेले दोघे धरून ११० जण मृत्यू पावले. आतल्या लोकांनी धूर रोखण्यासाठी अंगातील कपडे आणि कोळशाचा चुरा वापरून भिंत घातली होती आणि बहुतेक त्या भिंतीमागेच सापडले. पुढच्या वर्षी, १८७० मध्ये, राज्याने कायदा केला. प्रत्येक खाणीला दुसरी वाट हवी, नकाशा हवा, आणि सरकारी निरीक्षक हवेत.

तर्कट

दुसरी वाट! इतकी साधी गोष्ट सुचायला कायदा का लागावा, याचे उत्तर हिशेबनीस यांच्या प्रतिसादात आहे असे दिसते. दुसरी विहीर खोदायला पैसे लागतात आणि तीतून कोळसा काही निघत नाही.

पाण्याविषयी मात्र कोणीच सविस्तर लिहिले नाही.

अभ्रक

पाण्याचे लिहितो आणि थांबतो. जोवर गँगवे ओढ्याच्या पातळीच्या वर होता तोवर पाणी आपोआप बाहेर जाई. तो कोळसा संपल्यावर थराच्या उताराने तिरपे भुयार खाली नेऊ लागले आणि तेथून पुढे प्रत्येक थेंब वर उपसावा लागला. कोळशाच्या प्रत्येक टनामागे कित्येक टन पाणी उपसावे लागे. मोठे पंप रात्रंदिवस चालत, संपाच्या काळातही पंपवाले कामावर ठेवावेत की नाही यावर वाद होई, कारण पंप थांबला की खाण बुडते.

हेझलटनजवळ यावर वेगळा उपाय केला. १८९० च्या दशकात डोंगराखालून ‘जेडो टनेल’ नावाचे मैलोन् मैल लांब भुयार खोदले आणि वरच्या खाणींतील पाणी तीतून दुसऱ्या बाजूच्या ओढ्यात सोडून दिले. पंप नको, वाफ नको. तर्कट यांनी अर्धे ठरवलेले माझे सूत्र येथे पुन्हा दिसते. त्या परिसरातील भूमिगत खाणी केव्हाच बंद झाल्या, तरी ते भुयार अजून वाहतेच आहे. त्यातून आम्लयुक्त पाणी लिटल नेस्कोपेक ओढ्यात उतरते, आणि परतीच्या वाटेवर मी गाडी थांबवून पाहिले तेव्हा ओढ्यातले दगड गंजलेल्या पत्र्यासारखे नारिंगी दिसत होते.